रसायनीचा सातबारा

आमच्या मोहोपाड्याच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात बाबांच्या उधारीच्या वह्या आहेत, लाल कापडी बांधणीच्या, लांबट. बाबा १९८९ साली साताऱ्याकडून इथे मामांच्या किराणा दुकानात आले आणि पुढे दुकान त्यांचंच झालं. गिऱ्हाईक मुख्यतः कंपन्यांच्या कॉलन्यांमधलं. वहीत माणसांची नावं कमी, क्वार्टरचे नंबर जास्त. ‘बी १४’ म्हणजे केरळचे, खोबरेल तेल डब्यानं नेणारे. ‘सी ३’ म्हणजे बिहारचे, सातूचं पीठ मागवायला लावणारे. पगार झाला की खाती मिटायची, पुन्हा दहा तारखेपासून भरू लागायची. नव्वदच्या दशकातल्या वह्या दोनशे पानी आहेत. शेवटची चाळीस पानी, आणि तीही अर्धी कोरी.

मी ऐरोलीला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. दिवसभर लॉग वाचतो, म्हणजे मशीननं स्वतःबद्दल लिहून ठेवलेल्या नोंदी. या वह्या मला तशाच वाटतात. एक वस्ती कधी भरली, काय खात होती, कधी रिकामी झाली, हे त्यात आहे. पण गेल्या दिवाळीत ती पेटी उघडली ती हौसेनं नव्हे. बाबांना प्लॉट घ्यायचा होता. नदीच्या अंगाला, दहा-बारा मिनिटांवर. एजंटच्या ब्रोशरवर विमानतळ, एक्स्प्रेसवे, हिरवी झाडं आणि ‘मुंबईच्या प्रदूषणापासून दूर’ असं छापलेलं होतं. ते वाचून मला हसू आलं, मग जरा थांबून विचार करावासा वाटला. रसायनीत राहायला या, हवा चांगली आहे. हे वाक्य इथे पोचायला सव्वाशे वर्षं लागली आहेत.

सुरुवात मुंबईत होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. हजारो लोक मेले, लाखो शहर सोडून पळाले, गिरण्या ओस पडल्या. मग १८९८ साली मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याचं तत्त्व सोपं होतं: कोंदट वस्त्या पाडा, रुंद रस्ते काढा, समुद्राचा वारा आत येऊ द्या. सँडहर्स्ट रोड त्यातून झाला, दादर-माटुंग्याचे आखीव रस्तेही. पाडलेल्या चाळींतली सगळी माणसं नव्या घरांत गेली नाहीत. बरीचशी शेजारच्या कोंदट गल्लीत गेली. योगायोग असा की त्याच १८९८ साली इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्डचं ‘उद्याननगरी’ची कल्पना मांडणारं पुस्तक आलं: शहर आणि खेडं यांचा मेळ घालणारी, मधे बागा, कडेला कारखाने आणि भोवती शेती असलेली छोटी नगरं. निरोगी शहर म्हणजे काय, याची ही दोन उत्तरं. आपल्याकडे दोन्ही थोडी थोडी उचलली गेली.

प्लेगनंतर धूर. गिरण्यांची धुरांडी कोळसा जाळत होती आणि १९१२ साली मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. त्यावरचा मोठा इलाज मात्र कायद्यातून आला नाही, आमच्या डोंगरातून आला. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवत्याला तलाव बांधले, घाटमाथ्यावरचं पावसाचं पाणी अडवलं आणि ते पाइपांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडलं. १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. आज आपण ज्याला हरित ऊर्जा म्हणतो तीच ही. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. भिऱ्यासाठी मुळशीचं खोरं बुडालं आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, तो शाळेच्या पुस्तकात असतो. खोपोलीचं पाणी पुढे कुठे गेलं, ते पुस्तकात नसतं.

ते पाताळगंगेत गेलं. ही गोष्ट मला इंजिनिअरिंग होईपर्यंत माहीत नव्हती, आणि कळल्यावर नदी वेगळी दिसायला लागली. कोकणातल्या छोट्या नद्या पावसाळ्यात धावतात आणि होळीपर्यंत दगड दाखवतात. पाताळगंगा मात्र मे महिन्यातही वाहते, कारण टर्बाइनमधून बाहेर पडणारं पाणी तिच्यात येतं. हे पाणी मुळात घाटाच्या पलीकडचं, भीमेकडे आणि तिथून बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. विजेसाठी ते अरबी समुद्राकडे वळवलं गेलं. मुंबईत दिवे, पंखे, एसी जसे लागतात तशी वीज तयार होते आणि तसं पाणी सुटतं. आमची नदी बारमाही आहे ती मुंबईच्या मीटरवर.

आणि बारमाही नदी दिसली की कारखाना येतो. मुंबई जवळ, तुर्भ्याच्या रिफायनऱ्या जवळ, महामार्ग जवळ आणि बारा महिने पाणी. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात केंद्र सरकारची हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स स्थापन झाली. तिचा पहिला कारखाना इथे उभा राहिला. मोहोपाडा, रीस, वाशिवली, चांभार्ली ही इथली जुनी गावं, भाताची. रसायनी हे नाव कारखान्याबरोबर आलं. गाव कुठलं विचारल्यावर ‘रसायनी’ म्हटलं की पुण्याच्या होस्टेलवर पोरं हसायची. पण ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. नायट्रोबेन्झिन, ॲनिलिन, क्लोरोबेन्झिन, फॉर्मल्डिहाइड. रंग, औषधं, रबर या सगळ्यांची ही मूळ द्रव्यं, जी तोवर बाहेरून आणावी लागत. नव्या देशाला रसायन म्हणजे भिलाईचं पोलाद किंवा भाक्राचं पाणी, तसंच काहीतरी वाटत होतं. पुढे याच कारखान्यातला नायट्रोजन टेट्रॉक्साइड इस्रोच्या रॉकेटांत गेला. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन त्यावर चालतं. चांद्रयान उडालं तेव्हा आमच्या वर्गातल्या एकानं छाती फुगवून ‘त्यात आमचं पण आहे’ म्हटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

१९६२ साल मला फार विलक्षण वाटतं. १ ऑगस्टला एमआयडीसी स्थापन झाली: मुंबईतली कारखान्यांची गर्दी बाहेर न्यायची, जिल्ह्याजिल्ह्यांत वसाहती काढायच्या. आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत रेचेल कार्सनचं ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झालं, डीडीटीसारख्या विषांनी माती, पाणी, पक्षी यांचं काय होतं हे सांगणारं. एका देशात त्या रसायनांवर खटला उभा राहत होता आणि दुसऱ्या देशात त्यांच्यासाठी जागा मोजल्या जात होत्या.

पण इथे घाईघाईनं कुणाला दोषी ठरवायला मी तयार नाही. कारण डीडीटीची आपल्याकडची गोष्ट आरोग्याची आहे. १९४७ च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्यासाठी डीडीटी बनवायला १९५४ मध्ये हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी निघाली. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. इतका मोठा परिणाम फार थोड्या सरकारी योजनांच्या वाट्याला येतो. मग डास सरावले, फवारण्या ढिल्या पडल्या, शहरं वाढली आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा सुमारे ६४ लाखांवर गेला. डीडीटीला न जुमानणाऱ्या डासांवर मॅलेथिऑन हवं होतं. १९७७ मध्ये या कंपनीचा कारखाना रसायनीत उभा राहिला तो मॅलेथिऑनसाठी, पुढे डीडीटीही इथे होऊ लागलं. १९७२ मध्ये अमेरिकेनं डीडीटीवर बंदी घातली, १९८९ मध्ये आपण शेतीतला वापर थांबवला, स्टॉकहोम करारानं फक्त रोगवाहक कीटकांपुरती सूट ठेवली. आता डीडीटी बनवणारा भारत हा जगात जवळपास एकटा देश उरला आहे.

म्हणजे ज्या रसायनाशी ‘सायलेंट स्प्रिंग’ जोडलं गेलं, त्यानंच माझ्या आजीच्या पिढीला जगवलं असणार. ती सांगायची की लहानपणी भिंतींवर पांढरी पावडर मारून जायचे आणि मग घरात झुरळसुद्धा दिसायचं नाही. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. मी बराच काळ त्यांतली एक निवडायचा प्रयत्न करत होतो.

कॉलन्यांची गोष्टही तशीच दुहेरी. हॉवर्डची उद्याननगरी मुंबईला कधी जमली नाही, पण तिचा एक तुकडा इथे होता. रुंद रस्ते, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, शाळा, मैदान, गणपतीला नाटक आणि ओणमला रांगोळी. आज नगररचनेचे लोक ‘पंधरा मिनिटांचं शहर’ म्हणून जे सांगतात ते बाबांच्या गिऱ्हाइकांना फुकट मिळालेलं होतं: कामाला सायकलनं, शाळेला पायी, बाजार संध्याकाळी फिरत फिरत. फक्त त्या पंधरा मिनिटांत कारखान्याचं धुरांडंही होतं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये काय झालं ते कळल्यावर कारखान्याशेजारी झोपणं म्हणजे काय, हे देशभर सगळ्यांनाच नव्यानं कळलं. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९८९ चे धोकादायक रसायनांचे नियम त्यातून आले.

बाबा आले त्याच वर्षीच्या जुलैत महापूर आला. २४ जुलै १९८९. तिकडे सुधागडात अंबा नदीनं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं, कितीतरी माणसं गेली. इकडे पाताळगंगेचं पाणी रिलायन्सच्या १९८२ पासून चाललेल्या पॉलिएस्टरच्या कारखान्यात शिरलं. कारखाना काही आठवड्यांत पुन्हा कसा सुरू केला, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात आजही सांगतात. बाबांची गोष्ट लहान आहे. तांदळाची चौदा पोती भिजली आणि पाणी ओसरल्यावर दुकानात घोट्याएवढा गाळ होता. तो त्यांनी घमेल्यानं उचलून परसात टाकला. नंतर त्यात त्यांनी भेंडी लावली.

त्या गाळात काय होतं, हा प्रश्न मला छत्तीस वर्षांनी पडला. बाबांना तो अजूनही पडलेला नाही. ‘गाळच होता,’ म्हणतात, ‘भेंडी बरी आली.’

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे, पाण्याचा केंद्रीय कायदा १९७४ पासून. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रही इथे उभं राहिलं. तरीही केंद्रीय मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली तेव्हा त्यात महाराष्ट्राचे ५३ होते, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त, आणि त्यात पाताळगंगा होती. सगळा दोष कारखान्यांचा नाही. खोपोलीपासून खाली प्रत्येक वाढत्या गावाचं सांडपाणी तिच्यातच येतं. आणि तरी हीच नदी पाजते: वायाळला उचललेलं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन पनवेल-उरणच्या बाजूला जातं. तिच्याच खोऱ्यात चौकजवळ धावरी नदीवर मोरबे धरण आहे. नवी मुंबई महापालिकेनं ते विकत घेतलं आणि स्वतःच्या मालकीचं धरण असलेलं शहर म्हणून मिरवते. ऐरोलीच्या माझ्या भाड्याच्या खोलीत नळाला चोवीस तासांतलं बरंचसं पाणी येतं ते याच खोऱ्यातलं. धरणाखाली गेलेल्या गावांनी मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. शहरात राहून मी माझ्याच तालुक्याचं पाणी पितो, आणि आईबाबा टँकरवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवतात.

मग कारखान्यांचा काळ संपू लागला. आयात स्वस्त झाली, यंत्रं जुनी झाली, सरकारी कंपनी तोट्यात गेली. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं हिंदुस्थान ऑरगॅनिकचे इथले न परवडणारे प्लांट बंद करायला मंजुरी दिली. रॉकेटसाठीचा प्लांट इस्रोकडे द्यायचा ठरला आणि ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला ६१८.८० कोटींना. बातमीत एकर होते, कोटी होते. बाबांनी पेपर घडी घालून ठेवला आणि त्या वर्षी नवी वही आणली नाही.

दरम्यान दुसऱ्या बाजूनं शहर निघालं होतं. जानेवारी २०१३ मध्ये विमानतळाभोवतीचा शेकडो गावांचा पट्टा ‘नैना’ म्हणून अधिसूचित झाला, नियोजन सिडकोकडे. त्या पट्ट्याच्या आत काय आणि बाहेर काय, यावर आमच्याकडे जमिनींचे भाव बोलले जाऊ लागले. १९६२ मध्ये मुंबईनं जे बाहेर टाकायचं ठरवलं, त्याच्याच दाराशी ती आता घर शोधत आली आहे.

बाबांनी दाखवलेल्या प्लॉटचा सातबारा मी महाभूलेखवर काढला. सातबारा हा माझ्या मते जगातल्या चांगल्या डेटाबेसपैकी एक आहे. मालक कोण, कुळ कोण, बोजा कुठल्या सोसायटीचा, वहिवाट कुणाची, पीक कुठलं, किती गुंठे पडीक, इतर हक्कात विहिरीचा चौथा हिस्सा कुणाचा, सगळं. फेरफार उलगडत गेलं तर तीन पिढ्यांची भांडणं वाचता येतात. त्या प्लॉटवर १९९० च्या आधी भात होता, मग काही वर्षं ‘पड’. पड का, ते लिहिलेलं नाही. कुणी भराव टाकला का, पुरात काय आलं, बोअरला कुठल्या खोलीवर कसलं पाणी लागतं, यांतल्या कशालाही रकाना नाही. मालकीचा इतिहास आहे, मातीचा नाही.

अशी रिकामी जागा किती महाग पडते, याची जगप्रसिद्ध गोष्ट अमेरिकेतली. नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खणलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीनं १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतात कचऱ्याचा उल्लेख होता. शाळा झाली, भोवती घरं झाली, घरं घेणाऱ्यांपर्यंत तो उल्लेख पोचला नाही. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून वस्ती हलवावी लागली. चीनमधली २००५ ची गोष्ट तर आमच्या अधिक ओळखीची: जिलिनच्या ॲनिलिन कारखान्यात स्फोट झाला, सुमारे १०० टन बेन्झिन-नायट्रोबेन्झिन सोंगहुआ नदीत गेलं आणि खाली हार्बिनसारख्या महानगराचे नळ चार दिवस बंद ठेवावे लागले. दुसरी बाजूही आहे. जर्मनीत लेव्हरकुसेन हे शहरच एका रसायन कारखानदाराच्या नावाचं, आमच्याहून थेट. तिथे जुन्या रासायनिक कचऱ्याच्या ढिगावर घरं आणि शाळा होती. ती पाडली, खालचं पाणी अडवणारी भिंत घातली, वर झाकण घातलं आणि २००५ मध्ये त्याच जागी राज्याचं उद्यान प्रदर्शन भरलं. खाली काय आहे हे तिथे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

रसायनीत असं काही पुरलेलं आहे असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि इथे कष्ट केलेल्या माणसांच्या जिवावर माझं शिक्षण झालं. मी फक्त एवढंच म्हणतो की मोजून लिहून ठेवायला हवं, घरं बांधायच्या आधी. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी द्यायची, राज्य मंडळानं ठरावीक मुदतीत तपासणी करायची, दूषित ठरली तर प्रदूषकाकडून खर्च घ्यायचा. नियम चांगले वाटतात. यादीत कुठलं नाव येतं यावर सगळं आहे. आमच्या खालापूर तालुक्याला याद्यांचा अनुभव ताजा आहे: १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत ती ठाकरांची वाडी नव्हती, असं सरकारनंच सांगितलं.

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगितलं, अर्थात इतकं लांबण न लावता. त्यांनी ताटातली भाकरी संपवली आणि विचारलं, ‘मग घेऊ की नको?’

मी म्हटलं, आधी शेजारच्या बोअरचं पाणी तपासू. रविवारी आम्ही दोघं स्कूटरवर गेलो, शेजारच्या शेतकऱ्यानं पंप चालू करून दिला, लॅबनं दिलेल्या दोन बाटल्या भरल्या. पनवेलला लॅबच्या काउंटरवर फॉर्म होता. नेहमीच्या तपासणीत पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, कोलिफॉर्म. मी खाली ‘इतर’समोर बाबांच्या वह्यांच्या काळात इथे काय काय बनत होतं ते आठवून लिहायला लागलो: नायट्रोबेन्झिन, ॲनिलिन, क्लोरोबेन्झिन, डीडीटी. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म हातात घेऊन वाचला. ‘हे सगळं आमच्याकडे होत नाही, पुढे पाठवावं लागेल,’ ती म्हणाली. ‘काचेच्या बाटल्या लागतील, या चालणार नाहीत. आणि प्रत्येकाचे वेगळे पैसे.’

किती, ते तिनं कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. बाबांनी आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि दुकानात बसायचे तेव्हासारखा खिशातून पेन काढून तो फॉर्मच्या मागं लिहून घेतला.